दरी की खंदक? एका शब्दाची झडती

आपल्या सार्वजनिक जीवनात 'दरी' हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. सामाजिक दरी, आर्थिक दरी, सांस्कृतिक दरी, शहर आणि खेडे यांच्यातील दरी, दोन पिढ्यांतील दरी. आणि २०२० साली टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आल्या तेव्हापासून 'डिजिटल दरी'. चौदा एप्रिलच्या व्याख्यानांत हा शब्द असतो, वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत असतो, समित्यांच्या अहवालांत असतो. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. 'ही दरी बुजवण्यासाठी सर्वांनी प्रयत्न केले पाहिजेत' हे वाक्य मला दर वर्षी शेकड्याने उत्तरपत्रिकांत भेटते. मुले ते पाठ करून येतात असेही नाही. ते आजूबाजूच्या बोलण्यात तयारच असते. हात लांबवला की मिळते.

जो शब्द इतक्या सहज मिळतो त्याची झडती घेतली पाहिजे. शब्द रिकाम्या हाताने येत नसतात. आपल्या मूळ अर्थातील पुष्कळ सामान ते बरोबर घेऊन येतात आणि आपल्या नकळत विचारात मांडून ठेवतात. 'दरी' हा शब्द जातीच्या प्रश्नावर बोलताना कोणते सामान आणतो, आणि त्यामुळे कोणाची सोय होते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दशः अर्थ पाहू. दरी ही डोंगरातली वस्तू आहे. महाराष्ट्राला ती नवी नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, थरांवर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. त्या काळ्या दगडावर पावसाने आणि नद्यांनी लक्षावधी वर्षे काम केले. पाणी जिथे दगड कापत खाली गेले तिथे दऱ्या झाल्या. अरुंद असेल तर घळ म्हणतात, रुंद असेल आणि मधून नदी वाहत असेल तर खोरे म्हणतात, दोन डोंगरांमधून पलीकडे जाता येत असेल तर खिंड म्हणतात. डोंगरात राहणाऱ्या माणसाकडे या सगळ्यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत, कारण त्याला तिथून रोज जायचे-यायचे असते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, दरी कोणी केलेली नाही. तिच्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. दोन, खरी दरी माणसाला कायमची अडवत नाही. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात वाहता होता. तिथल्या लेण्यातील शिलालेख आजही आहेत. दरी होती म्हणून व्यापार थांबला नाही, माणसांनी दगड फोडून वाट काढली. मावळातली गावे तर दरीतच वसली, दरीतच भाताची खाचरे केली. दरीच्या तळाला पाणी असते, म्हणून तिथे वस्तीही असते. निसर्गाची दरी कोणाची जात विचारत नाही.

आता शब्दाचे मूळ पाहू. संस्कृतात 'दॄ' असा धातू आहे. फाडणे, चिरणे, दुभंगणे हा त्याचा अर्थ. 'विदारक' आणि 'विदीर्ण' हे आपले नेहमीचे शब्द याच धातूपासून झाले. संस्कृत काव्यांत 'दरी' म्हणजे डोंगरातली गुहा, कपार. मराठीत तोच शब्द दोन डोंगरांमधल्या खोलगट जागेसाठी स्थिरावला. म्हणजे दरी ही मुळात 'फाटलेली जागा' आहे. कोणी फाडली हे शब्द सांगत नाही. जागा फाटलेली आहे एवढेच सांगतो.

शेजारच्या हिंदीत पाहिले तर गंमत आहे. हिंदीत 'दरी' म्हणजे सतरंजी, आपण सभेला अंथरतो ती. आपण ज्याला सामाजिक दरी म्हणतो तिला हिंदीत 'खाई' म्हणतात. हा 'खाई' शब्द 'खात' या संस्कृत शब्दाच्या कुळातला. खात म्हणजे खणलेले. तटाभोवती शत्रू आत येऊ नये म्हणून जो चर खणतात तो खाई. मराठीत त्याच वस्तूला आपण 'खंदक' म्हणतो. हा शब्द फारसी-अरबीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचाही मूळ अर्थ 'खणलेला' असाच आहे. हिंदी बोलणारे खाई म्हणतात तेव्हा त्यांना हे मूळ आठवते असे नाही. तोही शब्द आता तितकाच गुळगुळीत झाला आहे. पण मूळ पाहिले तर फरक सरळ आहे. दरी फाटते आणि खंदक खणला जातो. दरीला काळ लागतो, खंदकाला माणसे लागतात. खंदक खणणाऱ्यांच्या हातात फावडी असतात, त्यांना हुकूम देणारा असतो, आणि कोणाला बाहेर ठेवायचे हे आधीच ठरलेले असते.

मागे एकदा पदवीच्या वर्गात मी फळ्यावर 'दरी' हा शब्द लिहिला आणि समाजाविषयी बोलताना तो वाक्यात कसा येतो ते लिहायला सांगितले. दरी पडली, दरी निर्माण झाली, दरी वाढली, दरी रुंदावली, दरी खोल होत गेली, अशी वाक्ये आली. मग आम्ही त्यांतली क्रियापदे वेगळी काढली. जवळजवळ सगळी अकर्मक. पडणे, होणे, वाढणे, रुंदावणे. या वाक्यांत कर्ता दरीच. ती स्वतःच पडते, स्वतःच वाढते. एका मुलाने 'दरी खणली' असे लिहिले होते, त्यावर वर्ग हसला, कारण मराठीत तसे म्हणत नाहीत. हसणे बरोबरच होते. दरी खणता येत नाही. पण आपल्या प्रश्नाचे मर्म त्या चुकलेल्या वाक्यात होते. जी गोष्ट खणलेली आहे तिला आपण असा शब्द लावला आहे, की 'खणली' हे क्रियापद त्याच्याशी जुळतच नाही.

सकर्मक वाक्ये येतात ती दरी मिटवण्याच्या वेळी. दरी बुजवली पाहिजे, दरी सांधली पाहिजे. तिथे कर्ता कोण? 'आपण सर्वांनी.' म्हणजे दरी पाडताना कोणीच नव्हते. बुजवताना मात्र सगळे आहेत. ज्याला आत येऊ दिले नाही आणि ज्याने येऊ दिले नाही, दोघांवर सारखीच जबाबदारी. कामाचे हे वाटप व्याकरणानेच करून टाकले.

माझी आई शाळेत गेली नाही. तिच्या बोलण्यात दरी हा शब्द डोंगरापुरताच आहे. जातीविषयी ती बोलते तेव्हा म्हणते, विहिरीवर चढू देत नसत. ओंजळीत वरून पाणी घालत. भाकरी लांबून टाकत. सावली पडली तर ओरडत. या प्रत्येक वाक्यात कर्ता उघड लिहिलेला नाही, पण क्रियापद कर्त्याशिवाय उभेच राहत नाही. कोण चढू देत नसत? कोण ओरडत? 'ते.' ऐकणाऱ्याला 'ते' कोण हे विचारावे लागत नाही. आपल्या जुन्या लोकांच्या भाषेत शिवाशिव होती, विटाळ होता, वेस होती, गावकूस होते. हे शब्द कटू आहेत, पण त्यांत कृती दिसते, जागा दिसते, माणूस दिसतो. आपण शिकलो, आणि शिकता शिकता हे शब्द मागे टाकून 'सामाजिक दरी' म्हणायला लागलो. शब्द स्वच्छ झाला आणि माणूस नाहीसा झाला.

दरी या प्रतिमेत आणखी तीन गोष्टी गृहीत आहेत. त्या एकेक करून तपासू.

पहिली, दरी अनादी असते. कोणी कधी केली ते सांगता येत नाही, फार पूर्वीपासून आहे, म्हणून ती लगेच जाणार नाही, धीर धरा. हा युक्तिवाद नवा नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्यात तो न्यायालयापुढे मांडला गेला होता. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार ठराव केला. पण तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे, की अस्पृश्यांनी या तळ्याला शिवायचे नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे.

हा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अशी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. या निकालाकडे आपण बहुधा विजयाची एक तारीख म्हणून पाहतो. त्याचा युक्तिवाद जास्त महत्त्वाचा आहे. 'हे पूर्वीपासूनच असे आहे' हे म्हणणे पुराव्यावर तपासले गेले आणि टिकले नाही. तळे नगरपालिकेचे होते. इतर धर्मांची माणसे तिथे पाणी भरत होती. अडवले जात होते ते फक्त अस्पृश्याला, आणि अडवणारी माणसे जिवंत होती, त्यांची नावे दाव्याच्या कागदावर होती. तळ्याच्या काठावर उभा राहिलेला माणूस आणि पाणी यांच्यामध्ये दोन-चार पायऱ्यांचे अंतर. तिथे दरी कुठे होती?

दुसरी, दरीला दोन कडे असतात आणि ते साधारण सारख्या उंचीचे असतात. या काठावर एक समाज, त्या काठावर दुसरा समाज, मध्ये पोकळी. 'दोन समाजांतील दरी' हा शब्दप्रयोग ऐकताच असे चित्र डोळ्यांपुढे येते. अत्याचार झालेल्या गावाच्या बातमीत तो हमखास असतो. एका बाजूला घर जळालेले असते, दुसऱ्या बाजूला जाळणारे असतात, आणि बातमी सांगते की दोन समाजांत दरी निर्माण झाली आहे. जणू दोघे सारख्याच उंचीवर उभे राहून एकमेकांकडे पाहत आहेत!

बाबासाहेबांनी या व्यवस्थेसाठी वेगळी प्रतिमा वापरली होती. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात त्यांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. प्रत्येक जात म्हणजे एक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडी नाही. ही प्रतिमा दरीपेक्षा कितीतरी अचूक आहे. मनोरा कोणीतरी बांधतो. मनोऱ्यात वर आणि खाली असते. खालच्या मजल्याच्या डोक्यावर वरच्या मजल्याचे वजन असते. पुढे त्यांनी 'श्रेणीबद्ध विषमता' ही संकल्पना मांडली, तिचाही रोख हाच आहे. जातिव्यवस्थेत नुसते दोन पक्ष नसतात. पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्याखाली कोणीतरी आहे याचे समाधान मिळत राहते. म्हणून तो वरच्याविरुद्ध उठत नाही. दोन काठांच्या चित्रात ही युक्ती दिसतच नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत फसवी वाटते. दरी म्हणजे अंतर, संबंध नसणे. म्हणून उपायही तसाच सुचवला जातो: एकत्र या, संवाद साधा, पूल बांधा. पण गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांच्यात संबंध नव्हता, असे कोणत्या पुराव्यावर म्हणायचे? संबंध रोजचा होता आणि पक्का होता. मेलेले ढोर ओढायचे, लाकडे फोडायची, सांगावा घेऊन परगावी पळायचे, सरकारी अंमलदाराचे सामान वाहायचे, वेशीवर रात्र काढायची. महार वतनाच्या नावाखाली हे सगळे बांधलेले होते. मोबदला म्हणून थोडी जमीन आणि बलुते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तेव्हा हा वेठीचा प्रकारच त्यांनी उघडा केला. ही कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणजे श्रम दररोज वेशीच्या आत जात होते. धान्य पिकवणारे हात चालत होते, धान्याला हात लावलेला चालत नव्हता. हे अंतर पडल्यामुळे झालेले नाही. काम घ्यायचे आणि माणूस बाहेर ठेवायचा, अशी ती व्यवस्था होती. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले, ते याच अर्थाने. मध्ये पोकळी असती तर पूल बांधून भागले असते. येथे आधीच एक एकतर्फी पूल होता. आपले लोक पाठीवर ओझे घेऊन त्याच पुलावरून जात होते.

यावर एक आक्षेप येईल. आमचे काही सहकारी तो घेतातही. ते म्हणतात, शब्दांचा एवढा कीस कशाला? बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. दरी म्हणा, खंदक म्हणा, विषमता नष्ट झाल्याशी कारण.

हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण शब्दाचा परिणाम कोणावर होतो ते पाहा. 'दरी'च्या शेजारी आणखी काही शब्द राहतात: फूट, दुही, तेढ. यांची क्रियापदे तपासा. फूट पाडली, दुही माजवली, तेढ निर्माण केली. येथे कर्ता हजर आहे! आणि हा कर्ता बहुतेक वेळा कोण असतो? पाणवठ्यावर हक्क सांगणारा, गायरानाच्या नोंदीसाठी तहसील कचेरीत खेटे घालणारा, अत्याचाराची फिर्याद नोंदवायला गेलेला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या सोळा वर्षांत 'समाजात फूट पडेल' हा इशारा नामांतर मागणाऱ्यांना पुन्हा पुन्हा ऐकवला गेला. थोडक्यात असे, की जे शतकानुशतके बाहेर ठेवतात त्यांच्या कृतीचे नाव 'दरी पडली', आणि बाहेर ठेवले आहे असे जो सांगतो त्याच्या कृतीचे नाव 'फूट पाडली'. पहिल्या वाक्याला कर्ता नाही, दुसऱ्याला आहे. हा केवळ भाषेचा योगायोग मानायला मी तयार नाही. कोणत्या शब्दाला कोणते क्रियापद लागते हे व्यवहार ठरवतो, आणि व्यवहार कोणाच्या हातात होता हे सर्वांना ठाऊक आहे.

उलट, आपल्या चळवळीने जे शब्द घडवले ते पाहा. 'बहिष्कृत' हे कर्मणी रूप आहे. बहिष्कृत म्हटले की कोणी बहिष्कार घातला हा प्रश्न आपोआप उभा राहतो. १९२७ साली पत्राचे नाव 'बहिष्कृत भारत' ठेवताना बाबासाहेबांनी हा प्रश्नच मथळ्यावर छापला. 'दलित' हा शब्दही असाच. 'दल्' म्हणजे फुटणे, फोडणे, चिरडणे. दलित म्हणजे भरडला गेलेला. दॄ आणि दल् या दोन्ही धातूंच्या अर्थात दुभंगणे आहे. एका धातूपासून झालेला शब्द फाटलेली जागा दाखवतो, दुसऱ्यापासून झालेला शब्द ज्याच्यावर घाव पडला तो माणूस दाखवतो. मध्ये पडलेल्या भेगेविषयी हळहळणे सोपे असते. ज्याला भरडले त्याच्याकडे पाहिले की जात्याचा खुंटा कोणाच्या हातात आहे तेही पाहावे लागते.

कायद्याने हा फरक ओळखला आहे. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरवला. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा आला, १९७६ पासून तोच नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम वाचून पाहा. पाणवठा घाण करणे, जमीन बळकावणे, खाण्यास अयोग्य पदार्थ खायला भाग पाडणे, अशा कृतींची ती यादी आहे. प्रत्येक कृतीमागे 'जो कोणी' आहे. सामाजिक दरीबद्दल खेद व्यक्त करून कोणावर खटला भरता येत नाही; त्यासाठी कृती आणि कर्ता दोन्ही सांगावे लागतात. फिर्याद लिहून देणाऱ्या कार्यकर्त्याला हे अनुभवाने कळते. जबानीत कर्ता सुटला की आरोपीही सुटतो.

कधी कधी तर प्रतिमेची गरजच उरत नाही, वस्तूच समोर उभी राहते. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यात उथपुरम नावाचे गाव आहे. तिथे १९८९ च्या संघर्षानंतर दलित वस्ती आणि सवर्ण वस्ती यांच्यामध्ये भिंत उभी केली गेली. तिला लोक 'अस्पृश्यतेची भिंत' म्हणत. आंदोलन झाले आणि मे २००८ मध्ये प्रशासनाने तिचा एक भाग पाडून वाट मोकळी केली. भिंतीला भिंत म्हटले म्हणून ती कोणी, कधी बांधली हे विचारता आले आणि पाडण्याची मागणी करता आली. तिलाही 'दोन समाजांतील दरी' म्हटले असते तर पाडायचे काय हाच प्रश्न पडला असता.

मात्र येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे, आणि ती बाबासाहेबांनीच सांगून ठेवली आहे. जात ही विटांच्या भिंतीसारखी किंवा काटेरी तारेसारखी वस्तू नव्हे, ती एक धारणा आहे, मनाची अवस्था आहे, आणि तिचा विध्वंस म्हणजे ही धारणा बदलणे, असे त्यांनी त्याच १९३६ च्या भाषणात म्हटले आहे. तेव्हा 'दरी'च्या जागी 'खंदक' बसवला की काम संपले असे मी म्हणत नाही. खंदक ही प्रतिमाही अपुरी आहे. तिलाही दोनच बाजू आहेत. बाबासाहेबांनी त्या धारणेचे मूळही दाखवले: शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास. म्हणजे धारणाही आपोआप वाढलेली नव्हे, ती शिकवलेली आहे. जे शिकवले गेले त्याला शिकवणारा असतो, आणि जे शिकवले गेले ते पुसताही येते. भौतिक खंदक असो की मनातला, 'हे कोणी केले?' या प्रश्नातून त्याला सुटू द्यायचे नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मग दरी हा शब्द टाकूनच द्यायचा काय? तसे नाही. काही ठिकाणी तो नेमका बसतो. आपल्यातला एक मुलगा शिकतो, नोकरीला लागतो, शहरात राहतो. त्याची भाषा बदलते, सुटीत गावी गेल्यावर वडिलांशी बोलायला विषय उरत नाही. हे कोणी ठरवून केलेले नसते. दिवसांमागून दिवस जातात आणि पाण्याने दगड झिजावा तसे ते होते. त्याला दरी म्हणावे. पण तिथेही हा शब्द सबब म्हणून वापरू नये. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिल्याची वेदना बोलून दाखवली. त्यांनी तिथे काळाला किंवा परिस्थितीला दोष दिला नाही. शिकलेल्यांना दिला, म्हणजे कर्त्यांना. खऱ्या दरीतही माणसांनी नाणेघाट काढला, हे आपल्यातल्या शिकलेल्यांनी विसरू नये.

आणि आपल्या वस्त्या-वस्त्यांमधल्या पायऱ्यांचे काय? महार, मांग, चांभार, ढोर, भंगी यांच्यात आजही बेटीव्यवहार किती होतो, एका वस्तीच्या जयंतीला दुसरी वस्ती किती येते, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. तिथे 'आपल्यात थोडी दरी आहे' असे म्हणून आपणही सुटका करून घेतो. मनोऱ्याची प्रतिमा ज्यांनी वाचली त्यांना ही सवलत घेता येणार नाही. या पायऱ्या आपण घडवल्या नाहीत हे खरे. त्या पायऱ्यांवर रोज आपले पाय पडतात, हेही तितकेच खरे. येथेही कर्ता शोधायचा आहे, आणि तो शोधताना बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. 'सामाजिक दरी' या विषयावर निबंध घालताना विद्यार्थ्यांना एक अट घाला: प्रत्येक वाक्याला कर्ता असला पाहिजे. 'दलितांना मंदिरप्रवेश नाकारला गेला' असे न लिहिता कोणी नाकारला, कोणत्या साली, कोणत्या गावात, हे लिहायला लावा. मुले अडतील. मग ती घरी जाऊन आजीला विचारतील, ग्रंथालयात जुने अंक काढतील, ग्रामपंचायतीत नोंदी पाहतील. निबंध आखूड होईल, पण त्यात माहिती असेल.

कार्यकर्त्यांनीही पत्रक काढताना, निवेदन देताना हे पाहावे. 'गावात दोन समाजांत दरी निर्माण झाली असून' अशी सुरुवात करू नये. कोणाची वाट बंद केली, किती दिवसांपासून बंद आहे, वाट सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे, तलाठ्याकडे अर्ज कधी दिला, हे आधी यावे. दरी बुजवण्याची विनंती वाचून अधिकारी मान डोलावतो आणि कागद बाजूला ठेवतो. बंद वाटेच्या अर्जावर मात्र त्याला होय किंवा नाही यांपैकी एक शेरा मारावा लागतो, आणि त्या शेऱ्याखाली त्याची सही लागते.